जड पाण्यावर ॲक्वापोनिक्स: सामू (pH) 7 वर आणायलाच पाहिजे का?

जतचा_पंपवाला
आमच्या बोअरचं पाणी म्हणजे चहाच्या पातेल्याला पांढरी खरवड बसवणारं. सामू 8.2. त्याच पाण्यावर 2 वर्षं हजार लिटरची टाकी चालवतोय. खाली चिलापी मासे, वर खडीच्या वाफ्यात पालक आणि पुदिना; माशांच्या घाणीचं पाणी वर फिरतं, तेच झाडाचं खत.

माझं मत लिहितो, पटलं नाही तर खुशाल झोडा. सामूच्या मागं लागू नका. माशाला 6.5 ते 8.5 चालतं. घाणीचं खत करणाऱ्या जिवाणूंना साडेसात-आठ आवडतं. झाडाला साडेपाच ते साडेसहा लागतं. तिघांच्या भांडणात 7 हा तोडगा, हे मान्य. पण तो गाठायला जो ॲसिडचा कॅन घेऊन बसतो तो मासे घालवतो. मी घालवलेत.

पहिल्याच उन्हाळ्यात टाकीत फॉस्फोरिक ॲसिड सोडलं. संध्याकाळी 6.8. खुशीत झोपलो. सकाळी बघतो तर 7.9. परत ओतलं, परत तेच. तिसऱ्या दिवशी वैतागून दुप्पट माप ओतलं. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, हवेचा पंप चालू असताना. सकाळी 11 मासे जाळीनं काढून लिंबाच्या बुडाशी पुरले. नंतर डोक्यात प्रकाश पडला. जड पाण्यात बायकार्बोनेट असतं. ॲसिड त्याच्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो पाण्यात असेपर्यंत सामू खाली, हवेनं उडाला की पुन्हा वर. मी सामू उतरवत नव्हतो, माशांना सोडा वॉटरमध्ये बुडवत होतो.

आता टाकीत काही ओतत नाही. पालक पिवळा पडला की चिलेटेड फेरस (झाडाला घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं लोह) देतो. बास.

तासगावची_बाग
भाऊ, आम्ही द्राक्षवाले फवारणीच्या पाण्याचा सामू बघितल्याशिवाय त्यात औषध टाकत नाही. तुम्ही अख्खं पीक 8 वर उभं केलंय आणि वर म्हणता बघायचंच नाही! कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असंच होतं ना? पाण्यात लोह नसतं असं नाही, त्या सामूला ते मुळाला घेता येत नाही. स्फुरदाचंही तसंच, कॅल्शियमला चिकटून बसतं. वरून फेरस देणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतणं.

तुमची चूक ॲसिडची नाही, जागेची. मासे असलेल्या टाकीत कोण ओततं? बाहेर 200 लिटरचा ड्रम ठेवा. त्यात पाणी भरा, ॲसिड थोडं थोडं सोडा, रात्रभर हवा मारा. सकाळी सामू वर आलेला दिसेल, पुन्हा थोडं सोडा. दोन-तीन दिवसांनी तो वर यायचा थांबतो. मग ते पाणी टाकीत भर म्हणून घाला. आणि हो, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही. फवारणीला चालतं म्हणून सायट्रिक वापरू नका, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि सामू परत जागेवर.

जतचा_पंपवाला
ड्रमचं पटतंय. पण मुळात ओतायची गरज काय? हिशोब करा. 32 टक्के प्रथिनांचं 100 ग्रॅम खाद्य टाकलं की साधारण 3 ग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन सुटतो. प्रत्येक ग्रॅमचं नायट्रेट होताना 7 ग्रॅमच्या वर क्षारता (पाण्याची ॲसिड गिळायची ताकद, म्हणजे तेच बायकार्बोनेट) खर्च होते, म्हणजे रोज 20 ग्रॅम. माझ्या हजार लिटरमध्ये लिटरला 300 मिलिग्रॅम धरली तर एकूण 300 ग्रॅम. जिवाणू फुकटात ॲसिड तयार करतायत, मी कशाला विकत आणू?

तासगावची_बाग
कागदावर 15 दिवसांत संपायला पाहिजे. मग 2 वर्षांत का नाही संपली? एप्रिलमध्ये रोज 30 लिटर तरी पाणी उडतं की नाही? तेवढी भर घातली की 9 ग्रॅम क्षारता बोअरमधून परत आली. शिवाय वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागंच राहतं.

मेढ्याची_सून
तुम्हा सांगलीकडच्या लोकांचं ऐकूनच आमचं वाटोळं झालं, रागावू नका दादा. आमच्याकडं जावळीत पावसाचं पाणी, पत्र्यावरून टाकीत साठवलेलं. त्यात क्षारता नावालाही नाही. मी पण ‘सामूच्या मागं लागू नका’ हेच धरून बसले. चौथ्या महिन्यात माशांनी खाणं सोडलं. मोजला तर सामू 5.8. जिवाणू थंडावलेले, अमोनिया साठलेला.

खरी चूक त्याच्या पुढची आहे, म्हणून लिहितेय. घाबरून चुन्याची निवळी बादलीभर ओतली. अर्ध्या तासात सामू 8 च्या वर. सामू कमी असताना अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, माशाला फारसा बाधत नाही. 25 अंशांना सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी असतो, 8 ला तोच 5 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे मासे कमी सामूनं नाही मेले, मी तो वर नेला म्हणून मेले. सासूबाई अजून म्हणतात, माशांना चुना लावला सुनेनं.

आता आधी अमोनिया मोजते, जास्त असेल तर थोडं पाणी बदलते, मग कापडाच्या पुरचुंडीत चमचाभर चुना बांधून पाण्याच्या धारेखाली टांगते. दिवसाला 0.2 च्या वर चढू देत नाही.

शिकाऊ_मिरज
मग चुन्यापेक्षा खाण्याचा सोडा सोपा नाही का?

मेढ्याची_सून
अडीनडीला एखादवेळी ठीक. रोज नको, त्यातलं सोडियम झाड उचलत नाही, ते साठत जातं. एकदा चुना, एकदा पोटॅशियम बायकार्बोनेट असं आलटून पालटून द्या, पालाश पण मिळतं.

आटपाडीचे_सर
शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, सवय जात नाही, म्हणून तीन गोष्टी. ज्या 7 च्या आकड्यावर सगळे भांडताय तो बहुतेकांनी व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठातल्या जेम्स रॅकोसी यांच्या पद्धतीतून उचललाय. तिथं पावसाचं पाणी होतं, सामू घसरायचा आणि ते चुना व पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून देऊन तो 7 पर्यंत वर आणायचे. मेढ्याच्या ताईंना तो नियम जसाच्या तसा लागू आहे. जतला तोच आकडा उलट्या दिशेनं गाठायला निघालात, म्हणून फसगत झाली.

तासगावकर, फेरस सरसकट वाया जात नाही. लोह कशाशी बांधलंय ते बघायचं: ईडीटीए साडेसहाच्या पुढं टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत ओढतं, ईडीडीएचए 9 लाही चालतं. त्यानं पाणी तांबडं होतं, घाबरू नका. पंपवाले, तुमच्या पुडीवर काय लिहिलंय?

आणि खडी कुठली आहे? मूठभर वाटीत घेऊन संडास धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका.

जतचा_पंपवाला
सर, पुडीवर ईडीटीए 12 टक्के. म्हणजे 2 वर्षं पैसे पाण्यात, शब्दशः.

खडीचं आत्ताच करून बघितलं. क्रशरची काळी खडी गप्प राहिली. पण तळाला शेतातल्या ओढ्याचे पांढुरके खडे टाकले होते, ट्रॉलीचं भाडं वाचवायला. थेंब पडला आणि सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं. चुनखड. जिवाणू ॲसिड करतायत आणि खडी ते गिळतेय. तासगावकर, 15 दिवसांचा हिशोब का चुकला ते कळलं, तुमच्या 9 ग्रॅमच्या जोडीला हे होतं.

खडी बदलतो. टाकीत ॲसिड मात्र अजूनही ओतणार नाही.

तासगावची_बाग
ओतू नका. ड्रम माझ्याकडं रिकामा पडलाय, औषधाचा नाही, गुळाच्या काकवीचा. रविवारी जतला येणार आहे, घेऊन येतो. पुदिना तेवढा काढून ठेवा.