समुद्राच्या फोटोतून ओएनजीसी उडवायची का?

नेरूळचा_कॅमेरा:
उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावरचा सूर्यास्त फोटोग्रुपवर टाकला. पहिलीच सूचना आली, "मागचा ओएनजीसीचा तेलप्रकल्प फोटोतून उडव, फ्रेम स्वच्छ होईल." मी नाही उडवणार. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात १९७६ पासून उत्पादन चालू आहे आणि तिथलं तेल समुद्राखालच्या पाइपांतून उरणला येतं. आता तो प्रकल्पही इथल्या निसर्गचित्राचाच भाग झालाय. कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की वर्षानुवर्षं हेच टिपतायत: अल्बर्टातली तेलवाळू (तेल मिसळलेली वाळू, तीच खणून तेल काढतात), बाकूची जुनी तेलक्षेत्रं, चितगावला जहाजं फोडतात ते किनारे. फोटो देखणा असतो म्हणून माणूस थांबतो, मग आपण काय बघतोय ते त्याला कळतं.

उरणकर:
कोणाला कळतं? हेलिकॉप्टरमधून काढलं तर तेलवाळूच्या सांडपाण्याचे तलाव रांगोळीसारखे दिसणारच. जरा खाली उतरा. ७ ऑगस्ट २०१० ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं मुंबई बंदराबाहेर धडकली, तेल उरणच्या तिवरांपर्यंत आलं. तिवराची श्वासमुळं तेलानं माखली की झाड गुदमरायला लागतं, पण पानं लगेच काही पिवळी पडत नाहीत. म्हणजे त्या दिवसांत तुम्ही लँडस्केप काढला असतात तर हिरवागार आला असता! आणि बाजारात कोळणींपुढची मासळी तशीच पडून होती, ती कुठल्या सूर्यास्तात दिसणार?

ऐरोली_लोकल:
कॅमेराही पेट्रोलच्या गाडीतूनच नेता ना? आधी गाडी विका, मग बोला.

नेरूळचा_कॅमेरा:
@ऐरोली नेरूळ-उरण लोकलनं जातो. पुढे.
@उरणकर दादा, पसारा केवढा आहे हे उंचीवरूनच कळतं. पाण्यालगत उभं राहिलं की एक धुराडं आणि अर्धी भिंत, एवढंच दिसतं. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावरची डिझेलची टाकी पेटली, तेव्हा धुराचे फोटो सगळ्यांनी हौसेनं फिरवले. तेव्हा कोणी "उडव" म्हणालं नाही. आग लागली की फोटो चालतो, रोजचं तेल तेवढं खुपतं.

कोपरीची_ताई:
उंचीचं सोडा हो. ट्रॉम्बेला बीएआरसी म्हणजे अणुसंशोधन केंद्र, करंजाला नौदल. इथं ड्रोन उडवलात तर पुढचा फोटो पोलीस ठाण्यात निघेल.
बाकी मी उरणकरांच्या बाजूनं. १९९१ मध्ये कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या, तेव्हा छायाचित्रकार साल्गादो आग विझवणाऱ्यांच्या जवळ जाऊन उभे राहिले. नखशिखांत तेलानं माखलेली माणसं, तीही कृष्णधवल. रंगच नाहीत, मग 'काय सुंदर आकाश' कोण म्हणणार? नेरूळकर, तुमच्या फोटोत माणूस आहे का एक तरी?

नेरूळचा_कॅमेरा:
नाही. मुद्दाम नाही. माणूस आला की बघणारा हळहळतो आणि पुढे जातो. रिकाम्या किनाऱ्यावर त्याला प्रकल्पाकडेच बघावं लागतं.

उरणकर:
रिकामा किनारा तुमच्या वेळेला असतो, साहेब. पहाटे करंजाला या, होड्या निघायच्या वेळी. त्याही डिझेलवरच चालतात, तेही येऊ द्या फोटोत. आम्हाला लपवायचं काही नाही.