गोल ओंडक्यांची शेड हाताने बांधताना सांधे अचूक कसे बसवावेत?

सावकाश (प्रश्न)

नमस्कार. करवत, कुऱ्हाड, गिरमिट आणि पटाशी एवढ्याच हत्यारांनी, यंत्राला हात न लावता, ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब अशी एक शेड उभारायचे मी ठरवले आहे. साल काढलेले १४ ओंडके हाताशी आहेत. त्यांची जाडी बुंध्याकडे २२ सेंटीमीटर आणि शेंड्याकडे १८ सेंटीमीटरच्या आसपास भरते, आणि दोन-तीन सोडले तर प्रत्येकाला थोडा बाक आहे. चौकोनी लाकडावर गुण्या लावून कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि खोबण (ती जीभ बसते ते भोक) आखण्याचा मला सराव आहे, परंतु गोल ओंडक्यावर गुण्या टेकवायलाच जागा मिळत नाही. सरावासाठी ओंडक्याच्या दोन्ही टोकांना एकेक कुसू काढून पाहिले, तर दोन्ही एकमेकांशी मुरगळलेली निघाली. सगळे ओंडके आधी चौकोनी तासून घ्यावेत, की गोल ठेवूनही सांधे नीट होतात? शिवाय झाडे तोडून जेमतेम तीन महिने झाल्यामुळे लाकूड ओले आहे. ते वर्षभर वाळू द्यावे, असे एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले. ओले असतानाच कामाला घ्यावे, असे दुसऱ्यांनी. कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा

ओंडके चौकोनी तासण्याची गरज नाही. तासल्याने मेहनत वाढते, बाहेरचे सलग धागे तुटतात आणि जाडी उगाच कमी होते. आपली खरी अडचण अशी आहे की आपण अजूनही पृष्ठभागावरून माप घेत आहात, आणि गोल ओंडक्याचा पृष्ठभाग माप घेण्याच्या लायकीचा नसतो. माप घ्यायचे ते आपण स्वतः आखलेल्या रेषेवरून, आणि मोळीतल्या प्रत्येक ओंडक्यावर ही रेषा पहिल्या दिवशीच आखून ठेवायची.

ओंडका दोन ठोकळ्यांवर ठेवून बाक बरोबर वर येईपर्यंत फिरवावा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी मारून पक्का करावा; एकदा आखणी सुरू झाली की तो केसभरही हलता कामा नये. मग दोन्ही टोकांच्या कापावर ओळंबा सोडून एक उभी रेषा आणि पाणसळ लावून एक आडवी रेषा काढावी. या दोन रेषा जिथे छेदतात तो आपला मध्यबिंदू. तो झाडाच्या गाभ्यावरच पडला पाहिजे असे नाही. सांध्यांच्या जागी दोन्ही अंगांना पुरेसे लाकूड राहील, असा तो निवडावा. नंतर एका टोकाची रेषा दुसऱ्या टोकाच्या रेषेशी सूत ताणून जोडावी: वरून एक, दोन्ही कुशींवरून एकेक, आणि ओंडका उलटवल्यावर खालून एक. आपली दोन कुसवे मुरगळली, कारण दोन्ही टोकांना जोडणारे असे काहीच ओंडक्यावर नव्हते.

सूत झटकण्यातच बहुतेकांची चूक होते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. वरची रेषा मारताना सूत सरळ आकाशाकडे उचलावे. बोटभर जरी बाजूला ओढले गेले, तरी गोलाईवर रेषा घसरते. बाक वर असलेल्या ओंडक्यावर सूत मधल्या उंचवट्याला टेकते, तेव्हा वरून डोळा लावून ते टोकांच्या रेषांशी एका ओळीत असल्याची खात्री करावी, तिथेच अंगठ्याने दाबून धरावे आणि दोन्हीकडचे भाग वेगवेगळे झटकावेत. कुशीवरची रेषा मारताना मात्र सूत आडवेच ओढावे. ओल्या लाकडावर खडूची भुकटी पसरते आणि पहिल्या पावसात जाते. जपानी सुतार शाईत भिजलेले सूत वापरतात. मीही आता तेच करतो, आणि ती बारीक काळी रेघ काम संपेपर्यंत टिकते.

आता सांध्याची जागा. खांबाला जिथे तुळई येऊन भिडते, तिथेच करवतीने काप देऊन पटाशीने एक सपाटी काढावी, आणि ती मध्यरेषेपासून ठरलेल्या अंतरावर असावी. आपला सर्वांत बारीक ओंडका १८ सेंटीमीटरचा, म्हणजे त्रिज्या ९. तेव्हा सगळ्या खांबांसाठी ८ सेंटीमीटर हे अंतर धरा. असे केल्यावर ओंडक्याची जाडी हिशेबातून निघूनच जाते. दोन खांबांच्या मध्यरेषांमध्ये ३०० सेंटीमीटर हवे असतील, तर तुळईच्या एका खांद्यापासून (कुसू जिथून सुरू होते ती खांबाला टेकणारी कड) दुसऱ्या खांद्यापर्यंत २८४ सेंटीमीटर, मग खांब जाड असो वा बारीक. ओबडधोबड लाकडाच्या पोटात एक नेमके चौकोनी लाकूड दडलेले आहे असे मानायचे आणि सांध्यापुरते तिथपर्यंत पोहोचायचे. अमेरिकेतील सुतारांत ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली.

माझ्या पहिल्या शेडमध्ये मी मध्यरेषा आखल्या होत्या, तुळयाही त्यांवरूनच कापल्या होत्या, परंतु खांब उभे करताना ओळंबा बाहेरच्या पृष्ठभागाला लावला. बुंधा २२ आणि शेंडा १८, त्यामुळे प्रत्येक खांब वरच्या बाजूला २ सेंटीमीटर बाहेर कलला आणि तुळई ४ सेंटीमीटर आखूड पडली. ती तुळई वाया गेली असे समजून मी नवी कापायला घेतली होती. खांबांच्या रेषांना ओळंबा लावून पाहिल्यावर जुनीच बरोबर बसली.

खुंटीवाला

ओळंबा यांच्या आखणीला माझा पूर्ण दुजोरा आहे. ओल्या-सुक्याबद्दल लिहितो.

ओले लाकूड पटाशीला मऊ लागते, आणि हाताने काम करणाऱ्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. वर्षभर थांबूनही २० सेंटीमीटर जाडीचा ओंडका आतून वाळत नाही. वाळते ते वरचे दोन-तीन बोटे. लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागते. गाभ्यापासून सालीकडे ते जेवढे आकसते, त्याच्या जवळपास दुप्पट वलयांच्या दिशेने आकसते, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून २८४ सेंटीमीटरची तुळई वाळल्यावरही २८४ च राहते, पण गोल ओंडक्याला सालीकडून गाभ्याकडे जाणारा तडा बहुधा पडतोच. त्या तड्याने घाबरून जाऊ नये. सांध्यातून किंवा खुंटीच्या भोकातून जाणारा तडा तेवढा वाईट.

सांधा मात्र हे आकसणे गृहीत धरूनच करावा. कुसवाची जाडी सांध्याजवळच्या लाकडाच्या एक तृतीयांश, म्हणजे आपल्या मापाला ५ सेंटीमीटर ठेवावी. खोबणीसाठी आधी गिरमिटाने ओळीने भोके पाडून मधले लाकूड पटाशीने काढावे, आणि खोबण कुसवापेक्षा अर्धा सेंटीमीटर खोल ठेवावी, नाहीतर कुसू तळाला टेकते आणि खांद्याशी फट राहते. खुंटीचे भोक खोबणीच्या दोन्ही भिंतींतून आधी पाडावे. मग कुसू आत बसवून त्यावर खूण करावी, ते बाहेर काढावे आणि कुसवातील भोक त्या खुणेपेक्षा ३ मिलिमीटर खांद्याच्या बाजूला पाडावे. खुंटी ठोकताना ती या चुकलेल्या भोकांतून वाट काढत जाते आणि सांधा घट्ट ओढून घेते. खुंटी मात्र पूर्ण वाळलेल्या, चिवट लाकडाची हवी, आणि ती करवतीने कापलेली नको, धाग्याच्या रेषेत फोडून तासलेली हवी. करवतीने कापलेल्या खुंटीत धागे तिरके तुटलेले असतात, आणि ती ऐन वाकण्याच्या जागी मोडते.

पायथा

खांब जमिनीत पुरू नका. ओंडक्याचे बाहेरचे, रसवाहिन्यांचे लाकूड कोणत्याही झाडाचे असले तरी मातीच्या ओलाव्यात टिकत नाही, आणि गोल ओंडक्याचा बाहेरचा सगळा थर त्याचाच असतो. खांब दगडावर उभे करावेत, दगडाचा माथा जमिनीपेक्षा किमान १५ सेंटीमीटर वर असावा, आणि वादळी वारा शेडला उचलू नये म्हणून दगडात बसवलेल्या लोखंडी गजाचे टोक खांबाच्या बुडात घ्यावे. छपराची पाखे भिंतीबाहेर अर्धा मीटर तरी काढावीत.

आपली मापे सोयीची आहेत: खांबांची मध्ये ३ आणि ४ मीटरवर असतील, तर कर्ण बरोबर ५ मीटर भरला पाहिजे, दोन्हीकडून. खांब पुरलेले नसल्यामुळे सांगाडा ताठ राहतो तो तिरक्या टेकूंवर. प्रत्येक खांबाला दोन्ही दिशांनी टेकू द्यावा. सपाटीपासून ७५ सेंटीमीटर खाली आणि ७५ सेंटीमीटर आडवे गेल्यास टेकूची लांबी १०६ सेंटीमीटर येते.

उचलण्याचेही आधी ठरवून ठेवा. ४ मीटरचा, सरासरी २० सेंटीमीटर जाडीचा ओला ओंडका १०० किलोपेक्षा जास्त भरतो. तो एकट्याने खांबावर चढवण्याचा प्रयत्न कृपया करू नये.

सावकाश

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. दोन तुकड्यांवर रेषा आखून एक सांधा करून पाहिला. खुंटी अर्ध्यावर गेली तेव्हा खांद्याशी दिसणारी फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली. तो क्षण मी विसरणार नाही. एक शंका उरली आहे. खांबासाठी निवडलेल्या एका ओंडक्याला आताच लांब तडा पडला आहे, आणि आखणीनुसार खोबण नेमकी त्याच अंगाला येते. तो ओंडका बाद करावा का?

ओळंबा

बाद करू नका. खोबण अजून खणलेली नाही, म्हणजे खांब फिरवायला मोकळा आहे. तडा कोणत्याही सांध्याच्या सपाटीवर येणार नाही अशा बेताने तो फिरवून नव्याने आखा; जुन्या रेषा आधी रंध्याने पुसून टाका, नाहीतर घाईत चुकीच्या रेषेवर पटाशी पडते. बाकीच्या खांबांना अजून तडा गेला नसेल, तर ज्या अंगाला सांधा येणार नाही आणि जे अंग भिंतीकडे राहील, तिथे लांबीभर करवतीने गाभ्यापर्यंत एक काप देऊन ठेवा. आकसण्याचा ताण त्या कापात मोकळा होतो आणि इतर अंगे बहुतांशी शाबूत राहतात. आडव्या तुळयांना मात्र असा काप देऊ नये.