चर्चा: कारखान्यांचं पाणी आणि शहराचा मैलागाळ एकाच बायोगॅस टाकीत घालावा का?

पंचगंगाकाठ: इचलकरंजीच्या कापड रंगवण्याच्या प्रोसेसचं पाणी, हुपरीच्या चांदी कारखान्यांचं धुवण आणि कोल्हापूरचा मैलागाळ एकत्र कुजवून गॅस काढावा, असं काही जण सुचवतात. माझा ठाम विरोध आहे. प्रत्येक रसायन वेगवेगळं तपासून ‘मर्यादेत’ ठरवतात, पण टाकीतल्या जंतूंवर सगळी एकदम येतात. मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, करणारे जंतू सर्वांत नाजूक. त्यांची संख्या दुप्पट व्हायला दिवस लागतात, आम्ल करणाऱ्यांना तासच पुरतात. डिटर्जंट त्यांचं आवरण सैल करतं, मग तांबं, जस्त सहज आत शिरतं. मिथेनवाले दबले की आम्ल साचतं, पीएच साडेसहाच्या खाली येतो आणि गॅस बंद पडतो.

कागलकर: मिश्रणानं विष वाढतंच असं नाही हो. सल्फेटपासून टाकीत सल्फाइड होतं. ते एकटं असेल तर घातक, पण तांबं-जस्ताला धरून न विरघळणारा काळा गाळ बनतो आणि दोघांचाही जोर कमी होतो. निकेल, कोबाल्ट तर अत्यल्प प्रमाणात या जंतूंना लागतातच. डोस हळूहळू वाढवला तर जंतू सरावतात. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरलेल्या सांडपाण्याचा, सीओडी (घाण किती हे सांगणारं ऑक्सिजनच्या गरजेचं माप) लिटरला लाखभर मिलिग्रॅम, त्यातून गॅस निघतोच की!

पंचगंगाकाठ: स्पेंट वॉश रोज साधारण सारखाच येतो, म्हणून सराव होतो. प्रोसेसचं पाणी आज लाल, उद्या निळं. जंतूंनी सरावायचं कशाला? कापडाचे ॲझो नावाचे कृत्रिम रंग हवेविना फुटले की ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं उरतात, त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक. चांदीच्या मुलाम्याचं सायनाइड आलं तर मिथेनवाल्यांचाच घात. आणि पीएच घसरला की तुमच्या काळ्या गाळातला काही धातू पुन्हा सुटतो.

गारगोटीची वहिनी: दादा, आमच्या घरी गोबरगॅस आहे. गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू असलं की तिचं शेण आम्ही टाकीत घालत नाही. गोठ्याचं फिनेलचं पाणीही बाहेरच सोडतो. तुम्ही दोघं गॅसचंच बोलताय. धातू काही कुजत नाही, तो टाकीतून निघणाऱ्या स्लरीत राहणार आणि स्लरी आमच्या उसाला येणार. त्याचं काय?

कागलकर: वहिनी, तुमचा मुद्दा मान्य. धातूचं पाणी कारखान्यातच वेगळं काढावं लागेल. पण बाकीचं सरसकट नाकारू नका. तेच मिश्रण छोट्या बाटल्यांत महिनाभर ठेवा, शेजारी नुसत्या मैलागाळाच्या बाटल्या, आणि गॅस मोजा.

पंचगंगाकाठ: मोजा, पण नमुना वेगवेगळ्या दिवसांचा घ्या आणि स्लरीही तपासा. तोवर मोठ्या टाकीत एक टँकरही नको.