मदत हवी आहे: कोइझुमींचं टपाल खासगीकरण, दोन शंका

जपानचे पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी (२००१ ते २००६) यांच्या सुधारणांवर सादरीकरण करायचं आहे. दोन ठिकाणी अडलंय.

१. टपाल विधेयक पाडलं वरिष्ठ सभागृहाने, मग बरखास्त कनिष्ठ सभागृह का?
२. टपाल बचतीचा पैसा सक्तीने सरकारी योजनांकडे वळवणं २००७ च्या खासगीकरणाने थांबलं, असं लिहिलंय. बरोबर आहे ना?

प्रतिसाद १

दुसरा मुद्दा आधी दुरुस्त करा, ही चूक फार ठिकाणी दिसते. टपाल बचतीच्या ठेवी अर्थखात्याकडे जमा करायची सक्ती एप्रिल २००१ मध्येच उठली. तो निर्णय कोइझुमींच्या आधीचा. पण सक्ती गेली तरी पैसा सरकारी रोख्यांमार्फत बराचसा तिकडेच जात राहिला. बचत आणि विमा मिळून सुमारे ३५० लाख कोटी येन सरकारच्या छत्राखाली होते, आणि कोइझुमींचा आक्षेप नेमका त्यावर होता.

१ ऑक्टोबर २००७ ला एका मुख्य कंपनीखाली चार कंपन्या झाल्या: टपाल वाटप, कार्यालयांचं जाळं, बँक, विमा. शेअर मात्र तेव्हा सरकारकडेच होते. बाजारात ते आले नोव्हेंबर २०१५ मध्ये.

प्रतिसाद २

पहिल्या शंकेबद्दल. तिथलं वरिष्ठ सभागृह आपल्या राज्यसभेसारखंच बरखास्त होत नाही. आपल्यासारखं संयुक्त अधिवेशनही नाही. राज्यघटनेच्या कलम ५९ नुसार कनिष्ठ सभागृहाने दोन तृतीयांश मतांनी विधेयक पुन्हा संमत करणं, हाच हुकमी मार्ग उरतो. पण ५ जुलै २००५ ला तिथे ते २३३ विरुद्ध २२८ असं जेमतेम तरलं होतं! ८ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाने १२५ विरुद्ध १०८ ने फेटाळलं आणि कोइझुमींनी त्याच दिवशी कनिष्ठ सभागृह बरखास्त केलं. कृषिमंत्री शिमामुरा यांनी बरखास्तीच्या ठरावावर सही करायला नकार दिला, तेव्हा त्यांना काढून ते खातं कोइझुमींनी स्वतःकडे घेतलं.

खरी मेख तिकीटवाटपात आहे. विरोधात मत देणाऱ्या स्वतःच्या ३७ खासदारांना कोइझुमींच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारी दिली नाही, उलट त्यांच्यासमोर नवे उमेदवार उभे केले. १९९४ च्या आधी एका मतदारसंघातून पक्षाचे अनेक जण लढत आणि आपापल्या गटाच्या जोरावर निवडून येत, त्यामुळे असा बडगा उगारणं अवघड होतं. एका जागेला एकच उमेदवार झाल्यावर तिकिटाची किल्ली नेतृत्वाकडे आली. हा भाग सादरीकरणात जरूर घ्या, कारण या एका जागेच्या मतदारसंघ पद्धतीला सुरुवातीला कोइझुमींचा स्वतःचाच विरोध होता.

११ सप्टेंबरच्या निवडणुकीत पक्षाला ४८० पैकी २९६ जागा, मित्रपक्ष कोमेइतोच्या ३१ धरून ३२७. दोन तृतीयांशाला ३२० पुरत. ते अस्त्र वापरायची वेळच आली नाही: १४ ऑक्टोबरला वरिष्ठ सभागृहानेच १३४ विरुद्ध १०० ने विधेयक संमत केलं.

धागाकर्ता

खूप आभार. पण स्वपक्षीयच इतके का बिथरले?

प्रतिसाद १

गावोगावच्या छोट्या टपाल कार्यालयांचे प्रमुख. ही पदं बऱ्याचदा घराण्यात चालत आलेली, गावात मान मोठा, आणि निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅटिक पक्षासाठी घरोघर फिरणारे हेच. खासगीकरण म्हणजे ग्रामीण खासदारांच्या हक्काच्या मतांवरच घाला.