उदास मालिका: काही मुलं तेरावं पुस्तक गाठतात, काही चौथ्यातच सोडतात. असं का?

माडाखाली (फोंडा):
गावच्या वाचनालयात मुलांसाठी इंग्रजी मालिका घ्यायचं चाललंय. यादीत लेमनी स्निकेटची ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ आहे, तेराही पुस्तकं. वाचणारी मुलं सहावी ते आठवीची, बरीचशी चौथीपर्यंत मराठीतून नाहीतर कोकणीतून शिकलेली. या मालिकेबद्दल दोन टोकं ऐकू येतात. काही मुलं झपाटल्यासारखी वाचतात, काही तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाशी थांबतात ती पुन्हा हात लावत नाहीत. पालकांचं म्हणणं आणखी तिसरंच: इतकं रडकं मुलांना द्यायचंच कशाला? मुलं दुःखामुळे सोडतात का? आणि द्यायची तर कशी द्यावी?

शाईचा_डाग:
दुःखामुळे सहसा नाही. विनोद हातून निसटला की सोडतात.

पहिल्याच प्रकरणात आईवडील घराच्या आगीत जातात. उरतात तीन भावंडं: व्हायोलेट १४ वर्षांची, क्लाउस १२ चा, सनी अजून रांगती. पुढच्या पुस्तकांचा साचा ठरलेला. नवा पालक, मुलांच्या वारशावर टपलेला खलनायक काउंट ओलाफ वेष पालटून हजर, मुलं त्याला ओळखतात, मोठी माणसं मानत नाहीत, बँकेतले मिस्टर पो रुमालात खोकत बसतात, शेवटी बिंग फुटतं आणि ओलाफ निसटतो. त्याच्या दोन भुवयांची मिळून एकच भुवई आणि घोट्यावर डोळ्याचं गोंदण, त्यामुळे वाचकाला क्षणभरही शंका नसते. दशावतारी नाटकात राक्षस साधू होऊन येतो तेव्हा पुढ्यात बसलेल्या पोरांना ठाऊक असतं, राजाला नसतं. गंमत त्या न ओळखण्यातच आहे. ज्या मुलाला ही गंमत पोचली त्याला साचा कंटाळवाणा वाटत नाही, उलट ‘आता कोणत्या वेषात?’ म्हणून ते पान उलटतं.

दुसरी गोष्ट निवेदकाची. तो पुस्तक खाली ठेवा असं वारंवार बजावतो, आणि मधेच थांबून एखाद्या शब्दाचा अर्थ सांगतो. अर्थ कोशातला नसतो, त्या प्रसंगापुरता आणि खोडकर असतो. आपला कीर्तनकार आख्यान थांबवून फोड करतो तसाच हा प्रकार. फरक एवढाच की कीर्तनकार तुम्हाला बोधाकडे आणतो, हा आणखी वाईट बातमीकडे.

आता इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या मुलाचं बघा. शब्द लागतात, पण कोरड्या आवाजातली थट्टा लागत नाही. थट्टा गेली की मागे राहते आग, मरण आणि फसवणूक. मग ते पुस्तक खरंच रडकं होतं. चौथ्या पुस्तकाशी थांबणारी बरीचशी मुलं यातली.

कुंभारजुवे_फेरी:
‘रडकं कशाला’ म्हणणाऱ्या पालकांच्या घरात ‘श्यामची आई’ असतेच की. साने गुरुजींनी १९३३ मध्ये बहुतांशी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या ४२ रात्रींत रडू येण्याजोग्या कितीतरी आहेत. ते चालतं, कारण तिथे रडण्यातून काहीतरी हाती लागतं. श्याम चुकतो, आई समजावते, डोळे पुसून मूल शहाणं होतं.

स्निकेट हा व्यवहारच मोडतो. ही भावंडं हुशार आहेत, पुष्कळ वाचतात, एकमेकांना सांभाळतात, आणि तरीही त्यांच्या वाट्याला बक्षीस येत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एव्हाना कळून चुकलेलं असतं की आपण खरं सांगतो तेव्हाही मोठे ‘हो हो, बघू’ म्हणतात. हे कुणीतरी छापून ठेवलंय याचाच त्याला दिलासा वाटतो. मला वाटतं, मालिकेच्या लोकप्रियतेत याचा वाटा गोंदण आणि वेषांतरापेक्षा मोठा आहे.

न आवडणाऱ्यांची बाजूही खरी आहे. काही मुलांना ओलाफपेक्षा भल्या माणसांचा राग येतो. शेजारच्या न्यायाधीश जस्टिस स्ट्रॉस मनाने चांगल्या, पण ऐन वेळी निरुपयोगी. न्याय हवा असणारा वाचक तिथे चिडतो, आणि तो वाचायला चुकलेला नसतो. अशा मुलाला एक दाखवून द्यावं: सुटका प्रत्येक वेळी नशिबाने होत नाही. पहिल्या पुस्तकात ओलाफ वारशाच्या पैशासाठी नाटकाच्या आडून व्हायोलेटशी कायदेशीर लग्न लावायला बघतो. कायद्याला सही ‘स्वतःच्या हाताची’ हवी असते; ती उजव्या हाताने लिहिणारी असून सही डाव्या हाताने करते आणि तेवढ्यावर लग्न रद्द ठरतं. क्लाउसने कायद्याचं पुस्तक रात्रभर वाचलेलं असतं, त्यावरून तिला हे सुचतं.

पाटोचा_कोपरा:
द्यायची कशी, ते सांगते.

तेरा पुस्तकांची रांग एकदम फळीवर लावू नका, मुलं जाडी बघूनच बिचकतात. पहिलं लहान आहे, शेवटचं त्याच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या पुस्तकाच्या तीन प्रती घ्या, दुसऱ्या-तिसऱ्याची एकेक. प्रत्येकात १३ प्रकरणं (शेवटच्यात एक जास्तीचं), म्हणून मोजून वाचता येतं.

पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा, एका बैठकीला एकच. आवाज सपाट ठेवा, बातम्या वाचल्यासारखा. इथेच बहुतेक जण चुकतात: दुःखाच्या जागी गळा दाटून आणतात आणि विनोद मारून टाकतात. ओळीओळीला मराठी करत बसू नका, त्यानेही तेच होतं. निवेदक शब्दाचा अर्थ सांगायला लागला की पुस्तक मिटा, मुलांना मराठीत-कोकणीत अर्थ सांगू द्या आणि मग त्याचा वाचा. दोन्हींतल्या अंतराने मुलं हसली तर समजा, पुढे ती एकटी वाचतील. सनीच्या बोबड्या शब्दांनाही हीच युक्ती. हसली नाहीत तर ते मूल तूर्त या पुस्तकासाठी तयार नाही, वर्षभराने विचारा.

घरात नुकतंच मरण किंवा आग अनुभवलेल्या मुलाच्या हाती आपणहून देऊ नका. पालकांना तीन जागा आधी सांगून ठेवा: पहिल्यातलं लग्नाचं कारस्थान, तिसऱ्यातलं जळवांचं तळं, आठव्यातली डोकं कापायची शस्त्रक्रिया (ती होत नाही, पण बेत तसा असतो).

आणि तिसऱ्यानंतर मूल रेंगाळलं तर चौथं गाळून सरळ पाचवं द्या. पाचव्यात क्वॅगमायर नावाची दुसरी भावंडं आणि व्ही.एफ.डी. या गूढ अक्षरांचं कोडं येतं, तिथून साचा मोडायला लागतो.

शाईचा_डाग:
चौथं गाळण्याला माझा विरोध. त्यात क्लाउसला संमोहित करतात, म्हणून संशोधनाचं काम व्हायोलेटवर येतं आणि पुढे यंत्र क्लाउसला जुळवावं लागतं. एरवी यंत्रं व्हायोलेटची, पुस्तकं क्लाउसची; इथे दोघांची कामं अशी सरळ अदलाबदल झालेली. शिवाय सनी दातांनी तलवारीशी लढते! हे चुकवायचं?

पाटोचा_कोपरा:
चुकवायचं नाही, नंतर वाचायचं. मूल पुस्तक टाकून पळालं तर तलवारही नाही आणि सनीही नाही.

रात्रपाळी_वास्को:
शेवटाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. कोड्यांच्या नादाने वाचणारी मुलं तेराव्यात भडकतात. पुढच्या भागांत सगळे ज्याच्या मागे असतात त्या साखरेच्या भांड्यात काय होतं, क्वॅगमायर भावंडांचं पुढे काय झालं, पुस्तक सांगत नाही. १९९९ पासून २००६ पर्यंत, प्रत्येक भागाची वाट बघत वाचलेल्यांनाही हेच उत्तर मिळालं. सातव्या-आठव्या पुस्तकाच्या सुमारास सांगून टाका की सगळे धागे जुळणार नाहीत, मग राग निम्मा होतो. कुणाला उत्तर हवंच असेल तर २०१७ ते २०१९ ची नेटफ्लिक्स मालिका भांड्यातली वस्तू दाखवते. २००४ चा सिनेमा पहिल्या तीन पुस्तकांवर उरकलेला आहे, आधी दाखवू नका. वेषांतरांची नवलाई तिथेच संपते.

माडाखाली (फोंडा):
देव बरें करूं सगळ्यांना. पहिल्याच्या तीन प्रती, दुसरं-तिसरं-पाचवं एकेक, अशी यादी पाठवतो. चौथंही मागवतो, पण ते टेबलाच्या खणात राहील. सनी-तलवार ऐकून जो मागेल त्याला. मोठ्याने वाचणं शनिवारी दुपारी. गळा दाटवणारे एक काका आमच्याकडे आहेत, त्यांना त्या दिवशी पुस्तकांना कव्हरं घालायला बसवू.