रासायनिक शस्त्रांवर बंदी आधीच आहे ना? मग सह्या कशासाठी मागायच्या?

ऐरोली_खाडीवाला:
मंडळी एक सल्ला हवाय. आमचा खाडी सफाईचा छोटा ग्रुप आहे, ऐरोली घणसोली साइडचे लोक, रविवारी खारफुटीत अडकलेलं प्लास्टिक काढतो, बाकी फार काही नाही. ६ नोव्हेंबरला युनोचा एक दिवस असतो, युद्धात होणारी पर्यावरणाची नासाडी थांबवा असा, तर ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोरांनी ठरवलंय की वाशी स्टेशनबाहेर सह्यांची मोहीम घ्यायची आणि बॅनरवर लिहायचं "रासायनिक शस्त्रांवर आंतरराष्ट्रीय बंदी घाला". आता आमच्यातलेच एक काका म्हणाले अरे ती बंदी कधीच झाली, तुम्ही होतात कुठे. आणि दुसरे म्हणतात युद्धाचं सोडा आधी रबाळ्याच्या नाल्याचा वास बघा. मला दोघांचंही पटतंय आणि तिथेच गाडी अडलीय. बंदी असेल तर सही कशावर घ्यायची? आणि आपल्यासारख्या खारफुटीवाल्यांचा यात संबंध तरी काय?

नौपाडा_मास्तर:
काका बरोबर आहेत. १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल होता पण तो एवढंच म्हणत होता की वापरू नका. बनवू नका, साठवू नका असं त्यात कुठे नव्हतं, म्हणून मोठ्या देशांनी पुढची साठ सत्तर वर्षं कोठारं भरून ठेवली. खरी बंदी १९९३ च्या कराराने आली, २९ एप्रिल १९९७ पासून लागू, आज १९३ देश त्यात आहेत. इस्रायलने सही केली पण मंजुरी दिलेली नाही, इजिप्त आणि उत्तर कोरियाने सहीच केलेली नाही. आपल्याकडेही मस्टर्डचा, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या युद्धातल्या रसायनाचा, साठा होता बरं का, हजार टनांच्या वर, १९९७ ला भारताने तो जाहीर केला आणि २००९ पर्यंत नष्ट केला. वर्गात हे सांगितलं की पोरं चमकायची. तेव्हा बॅनरवरचं "घाला" काढा, नाहीतर वाशीला कोणीतरी हुशार माणूस गाठेलच तुम्हाला.

कट्ट्यावरचा:
कागदावर बंदी हो मास्तर. सिरिया २०१३ ला करारात आला, साठे दिले, फोटो काढले, आणि २०१७ ला तिथल्या खान शेखूनमध्ये सरिन हे नर्व्ह एजंट, म्हणजे मज्जासंस्था बंद पाडणारं विष, पडलंच. युनो आणि ओपीसीडब्ल्यू (या करारावर देखरेख करणारी संस्था) यांच्या संयुक्त चौकशीनेच तिथल्या तेव्हाच्या सरकारवर ठपका ठेवला, पुढे काय झालं? वाशी स्टेशनवर लोकल पकडायच्या घाईतल्या माणसाची सही घेऊन त्यांचं काय वाकडं होणार आहे.

कोपरी_तिवर:
@कट्ट्यावरचा दादा, सही घेऊन काही होत नाही हे सरसकट नाही हं. अमेरिकेत केंटकीमध्ये रिचमंडजवळ एक डेपो होता, त्यात ५०० टनांवर नर्व्ह एजंट आणि मस्टर्ड. सैन्याचा प्लॅन होता भट्टीत जाळून टाकायचा. गावातले लोक म्हणाले नष्ट करा, पण धूर आमच्या डोक्यावर नको. क्रेग विल्यम्स नावाचे एक सुतारकाम करणारे, स्वतः व्हिएतनाम युद्धात जाऊन आलेले, त्यांनी हे वर्षानुवर्षं लावून धरलं, आणि शेवटी तिथे भट्टी बसलीच नाही. नर्व्ह एजंट पाणी आणि कॉस्टिक घालून बंद टाकीत मोडलं गेलं. नर्व्ह एजंट भरलेलं शेवटचं रॉकेट ७ जुलै २०२३ ला संपलं, त्याबरोबर जगातला जाहीर केलेला सगळा साठा संपला, ७२ हजार टनांच्या वर. विल्यम्सना २००६ ला गोल्डमन पुरस्कार मिळाला, पर्यावरणाचा आहे तो, शांततेचा नाही.

आणि खारफुटीचा संबंध विचारलात म्हणून सांगते. व्हिएतनाममध्ये १९६१ ते ७१ अमेरिकेने विमानांतून तणनाशक फवारलं, ७ कोटी लिटरच्या वर, त्यात एजंट ऑरेंज नावाचं तणनाशक आणि त्यातलं डायॉक्सिन हे विष. सायगावजवळच्या खाड्यांत सगळी खारफुटी. बाकीचं जंगल एका फवारणीत पानं गाळायचं आणि पुन्हा फुटायचं, खारफुटी एकाच फवारणीत मरायची. खाली उघडा चिखल आणि वर काळे खुंट. १९७८ पासून लोकांनी गुडघाभर चिखलात उभं राहून हाताने कांदळाची रोपं लावली, त्या भागाला आज कॅन जिओ म्हणतात, २००० साली युनेस्कोच्या यादीत गेला. आपल्याकडे तिवर ही खारफुटीची दुसरी जात जास्त, पण चिखल तोच. ठाणे खाडी २०२२ ला पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली म्हणून आपण मिरवतो ना, तर वाशीला उभं राहून हे तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार. गंमत म्हणजे तणनाशकांचा उल्लेख १९९३ च्या करारात फक्त प्रस्तावनेत आहे, कलमांत नाही. मागणी करायची तर ही करा.

दुसरी मागणी समुद्राची. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिकमध्ये बॉर्नहोम बेटाजवळ मस्टर्डचे बॉम्ब टाकून दिले होते. थंड पाण्यात ते विरघळत नाही, वरून कडक साल धरते आणि आत चिकट तसंच राहतं, कोळ्यांच्या जाळ्यात असे गोळे येतात आणि हात भाजतात. आज समुद्रात टाकायला करारानेच मनाई आहे, पण १९८५ च्या आधी जे टाकलं ते उचलायचं बंधन कोणावरच नाही. आपल्या कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगा, दुसरं काही समजवावं लागणार नाही.

टीटीसी_जनरल_शिफ्ट:
मी केमिकल लाइनमध्येच आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. नाल्यावाल्यांचा मुद्दा आणि तुमचा मुद्दा वेगळा नाहीये. या कराराखाली साध्या ऑरगॅनिक केमिकलच्या प्लांटनेही ठराविक टनेजच्या वर गेलं की दरवर्षी डिक्लरेशन भरायचं असतं, मग हेगवरून, ओपीसीडब्ल्यूच्या मुख्यालयातून, इन्स्पेक्टर येऊ शकतात. आमच्यासारख्या प्लांटला १२० तास आधी नोटीस आणि तपासणी २४ तासांत आटपायची. रिअॅक्टरच्या पाइपलाइन, स्टोअरचं रजिस्टर, ड्रम, लॉगबुक सगळं बघतात. आणि काय बनवता याच्यापेक्षा काय बनवत नाही हे दाखवावं लागतं. फॉस्जीन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड हे युद्धाचं सामान असलं तरी औषधं आणि प्लास्टिकलाही लागतंच, त्यामुळे बंद करा म्हणून चालत नाही, नोंद ठेवा म्हणा. हेगवरून येणाऱ्यांसमोर आमचे साहेब जेवढे सरळ उभे राहतात तेवढे गावातल्या लोकांसमोर राहिले असते तर नाल्याचं पण झालं असतं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमात आहे, अपघात झाला तर आजूबाजूच्यांनी काय करायचं हे मोठ्या धोक्याच्या कारखान्यांनी त्यांना आधीच सांगायचं. तुमच्या सोसायटीत कोणी सांगितलंय का? भोपाळला शत्रू नव्हता आला.

कट्ट्यावरचा:
बरं ताई, केंटकीचं मान्य. सिरियाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

नौपाडा_मास्तर:
नाहीच आहे ते. सापडलं कोणी केलं, शिक्षा झाली नाही. पण सापडलं ते तरी ओपीसीडब्ल्यूसारखी तपासणी होती म्हणून, १९८८ ला इराकमध्ये हलब्जात विषारी वायू सोडला तेव्हा हा करारच नव्हता.

ऐरोली_खाडीवाला:
सगळ्यांना थँक्स, पोरांना लिंक टाकली. बॅनर बदलतोय: तणनाशक कलमात आणा, समुद्रातले जुने साठे करारात घ्या, आणि खाली टीटीसीसाठी (आपला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा) वेगळा अर्ज की आमच्या भागाचा आपत्कालीन प्लॅन लोकांना दाखवा. काका म्हणतात तिसरा आधी घ्या, सह्या त्यावरच मिळतील. कॅन जिओची गोष्ट मात्र वरतीच ठेवणार. कोपरखैरण्यात फ्लेक्स न वापरता कापडी बॅनर करून देणारं कोणी आहे का, फ्लेक्सवर पर्यावरण छापलं तर आपणच हसं करून घेऊ.