मॉक ट्रायल: ज्युरीपुढे बोलायचं कसं?

प्रश्न: पुण्यात अकरा वर्षं दिवाणी वकिली केली, आता न्यूयॉर्कमध्ये आहे. शनिवारी प्रशिक्षणात मॉक ट्रायल, म्हणजे सरावाचा खटला, आहे. दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरून पडल्याचा नुकसानभरपाईचा दावा, मी प्रतिवादीची वकील. आयुष्यभर न्यायाधीशांसमोर उभी राहिले; ज्युरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या सहा अनोळखी सामान्य माणसांसमोर, हात कापतात. काय सराव करू?

उत्तर १: ताई, उलटतपासणीत एका प्रश्नात एकच गोष्ट. ‘पिवळी पाटी होती, बरोबर?’ ‘ती दारातच होती?’ उत्तर ‘हो’ एवढंच यावं. ‘का’ चुकूनही विचारू नका. माझ्या पहिल्या मॉकमध्ये मी विचारलं, ‘मग तिकडून का गेलात?’ साक्षीदार बाई म्हणाल्या, ‘दुसरी वाट खोक्यांनी अडवली होती.’ तिथेच हरलो. नंतर ज्युरीची चर्चा मात्र नक्की ऐका. माझ्या निम्म्या युक्तिवादाचा तिथे उल्लेखही नव्हता, खोकी सगळ्यांच्या लक्षात होती.

उत्तर २: इथे दिवाणी दाव्यात सहापैकी पाच जण सहमत झाले की निकाल लागतो. मान डोलावणाऱ्या एकाकडेच बघत बोलू नका.

प्रश्नकर्ती: आभार! ‘का’वाले चार प्रश्न आत्ताच खोडले. आज रात्री नवऱ्याला साक्षीदार करून बसवते.